मी बदललेली गोळी

भात झोडून झालं आणि आमचा म्हातारा बोलायचाच थांबला. दरसालाला म्हशाच्या जत्रेला बैल बघाय जाणारा माणूस, ह्या सालाला जाग्यावरनं उठला नाय. ताट पुढं ठेवलं तरी नुसता बघत बसायचा. एक दिवस सकाळी गोठ्यात गेले, तर दावं हातात घेऊन आढ्याकडं बघत बसलेला. मी दावं काढून घेतलं.

मुलग्यानं त्याला शहापूरला मनाच्या डॉक्टरकडं नेला. डॉक्टर मला बोलला, "आजी, गोळ्या तुमच्याकडे ठेवा. रोज सकाळी एक हातात द्यायची. गुण यायला महिना लागेल. आपल्या मनाने बंद करायची नाही."

महिना-दीड महिन्यानं म्हातारा खेकसला, "आमटीत मीठ कोण घालणार गो, तुजा बाप?" मी चुलीकडं तोंड करून हसले.

मंग जाऊ आली. "मेंदूच्या गोळ्या त्या, सुटायच्या नाय. अगो, सगळा मनाचा खेळ. साखरेची दिलीस तरी माणूस बरा होतो."

मला भ्या वाटलं. जन्मभर हा गोळीवरच राहील काय? माज्या हाडांसाठी कॅल्शमच्या पांढऱ्या गोळ्या होत्या. त्याच मोडून अर्धी-अर्धी, त्याच्या गोळीएवढी करून, त्याला द्याय लागले.

पंधरा दिस म्हातारा चांगला. "डोकं हलकं वाटतं गो ह्या गोळीनं," बोलला. ते ऐकून मला जास्तच भ्या. माज्या तोंडावरनं त्याला कळलं तर? गोळी देताना मी खाली बघायचे.

तिसऱ्या आठवड्यात त्याचा चहा तसाच राहाय लागला. मी दावी, कोयते सगळे जावेकडं नेऊन ठेवले, मुलग्याला बापापाशी बसवला आणि जीप धरून शहापूरला गेले. डॉक्टरला सगळं सांगलं.

तो ओरडला नाय. "साध्या गोळीनेही बऱ्याच जणांना बरं वाटतं, आजी. दुखणं हलकं असेल तर दोन्हींत फरक थोडाच. यांचं दुखणं भारी आहे. तिथे औषध जास्त काम करतं. सगळ्यांनाच लागू पडतं असंही नाही."

"मंग ते पंधरा दिस?"

"थोडं आधीचं औषध, थोडा विश्वास. नक्की मलाही सांगता येणार नाही. खरी गोळी उद्यापासून परत सुरू करा. पण त्यांना खरं सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सांगलं. म्हातारा बोलला, "आजची खरी कशावरनं?"

मी पाकीट दाखवलं, पण आमा दोघांना कुठं वाचता येतं? त्यानं गोळी हातावर फिरवली, तोंडात टाकली, पाणी प्याला. खाली गेली का नाय, मी त्याच्या गळ्याकडं बघत होते.

आता गुण यायला परत महिना. आज अकरावा दिस. तो अंगणात बसलाय. मी दारात तांदूळ निवडते, पण खडा काय दिसत नाय, नजर त्याच्यावरच हाय.