सोन्याच्या कणांचं औषध
कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास आला की चंद्रपूरची ती कॉम्प्युटरची खोली आठवते. माझ्या पोरीला सिकलसेल हा रक्ताचा आजार होता; सांधे धरून ती रात्रंदिवस कण्हायची. सोन्याच्या अतिबारीक कणांचं औषध निघतंय असं ऐकलं, म्हणून कॉलेजात शिकवणारे माझे दीर मला तिथे घेऊन गेले. चपला बाहेर काढून मी दाराशीच उभी राहिले. त्यांनी इंटरनेटवर औषधांच्या संशोधनाची यादी उघडली. त्यात सोन्याच्या औषधाचं काहीच निघालं नाही. "भाऊजी, दुसरी यादी पाहा ना," मी कसंबसं म्हटलं. दुसऱ्या यादीत ते संशोधन औषधांऐवजी धातूंच्या विषयात घातलेलं होतं, पानंच्या पानं. "वहिनी, हे सारं उंदरांवर करून राह्यले. माणसाले अजून नाई." "मंग उंदरं तरी बरी झाली का?" "काही झाली." पोर त्याच उन्हाळ्यात गेली. घरात उंदीर निघाला तर मी अजूनही कोणाला मारू देत नाही.