गयाबाईचा आजार

दवाखान्यात नोकरी लागली की किस्से जमवावे लागत नाहीत. केसपेपरसारखे तेही आपोआप साचतात. केसपेपर निदान रद्दीत तरी जातात, हे मेले जात नाहीत!

मी नांदेडकडच्या लोह्याची. लातूर नुकताच जिल्हा झाला होता, तेव्हा तिथल्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणून माझी पहिली नेमणूक झाली. त्यात दुष्काळ. जिल्ह्याचा बोर्ड नवाकोरा अन् नळ कोरडेठाक!

आमच्या मोठ्या साहेबांना नावांचा भारी शौक. कुठलाही रोग दिसला की तो कुणाच्या नावाचा, तो माणूस कुठला, हे आम्हाला सांगितल्याशिवाय त्यांचा राऊंड पुढे सरकत नसे.

*

टँकर आला की गावोगाव झुंबड उडायची. त्या झुंबडीत एक आजी घागरीसकट पडली, मनगट मोडलं. साहेबांनी एक्स-रे उजेडात धरला.

"बघा, कॉलिस फ्रॅक्चर! डब्लिनच्या डॉक्टरचं नाव आहे."

आजी कण्हायची थांबली. "डब्लिनचं कशानं साहेब? आमच्या टँकरचं हाय ह्ये!"

त्या उन्हाळ्यात तशी मनगटं इतकी आली, की आमच्या सिस्टर दारातूनच ओरडायच्या, "मॅडम, टँकर फ्रॅक्चर!" प्लास्टर भिजवायला पाणी मात्र टँकरचंच असायचं.

*

उदगीरकडचे एक काका आले. पाय सुजून भोपळा झालेला, त्याला जागोजागी भोकं. साहेब म्हणाले, "मदुरा फूट. पहिल्यांदा मदुरेकडे दिसला म्हणून हे नाव."

काका घाबरलेच. "आईशप्पत साहेब, म्या सोलापूरच्या पुढं कदी गेलोच न्हाई! काटा आमच्याच बांधावरच्या बाभळीचा हाय."

आमचे वॉर्डबॉय मामू सगळ्यात जुने. त्यांना हे फार लागलं. "देखो मॅडम, आपण जिल्हा झालो, पण एक बीमारीसुद्धा आपल्या नावची नाही!"

*

टीबी हा शब्द पेशंटसमोर काढायचा नाही, असा आमचा शिरस्ता. 'कॉक्स' म्हणायचं. टीबीचा जंतू शोधणाऱ्या जर्मन डॉक्टरचं ते नाव. पेशंटला काय कळतंय, असं आम्ही धरून चाललेलो.

गयाबाई अहमदपूरकडची. तिशीची बाई, खोकून खोकून काटकी झालेली. तिच्या गावात टीबी म्हणून उघड झालेली ती पहिलीच. गावानंही आमच्यासारखंच केलं. रोगाचं नाव तोंडावर नको, म्हणून त्याला म्हणायला लागले 'गयाबाईचा आजार'! कुणी जरा खोकलं की, "काय रे, गयाबाईचा झाला का काय?"

टँकरच्या रांगेत गावच्या पाटलीणबाई तिची घागर उचलून बाजूला ठेवायच्या. सगळ्यांचं भरून झाल्यावर उरलं तर हिला. बहुतेक वेळा उरायचंच नाही.

हे सांगताना ती रडली नाही, मलाच रडू आवरेना. "मॅडम, गोळ्यांनी बरी व्हईन मी," ती म्हणाली. "पर ह्ये नाव कसं जाईल?"

तेवढ्यात राऊंड आला. साहेब सवयीनं म्हणाले, "कॉक्स."

"कुनाचं नाव हाय ह्ये साहेब?" गयाबाईनं विचारलं.

साहेब खूश! पेशंटनं नावाची चौकशी केली ही पहिलीच वेळ. "एका जर्मन डॉक्टरचं. तुझा आजार त्यानं शोधून काढला."

"त्याला झालता का?"

"नाही."

"गावानं पानी बंद केलतं त्याचं?"

साहेबांनी केसपेपर चाळायला घेतला.

"मंग नाव त्याचं कशापायी? भोगायलेय मी!"

त्या दिवशी राऊंड लवकर उरकला. तिच्यासमोर साहेबांनी पुन्हा कधी 'कॉक्स' काढलं नाही.

*

गयाबाईनं इंजेक्शनं घेतली, गोळ्या घेतल्या, एकही खाडा न करता. पार बरी झाली अन् गावी गेली.

पुढच्या उन्हाळ्यात ओपीडीत एक बाई आली. डोक्यावरचा पदर तोंडावर ओढलेला. खोकला थांबेना. काय होतंय विचारलं तर मान खाली. मग हळूच म्हणाली, "गयाबाईचा झालाय."

"गाव कुठलं?"

तिनं गाव सांगितलं, पाटलांच्या वाड्यातली म्हणाली आणि माझ्या ध्यानात आलं. याच त्या पाटलीणबाई!

"सोबत कोण आलंय?"

त्यांनी दाराकडे बघितलं. दारात गयाबाई उभी होती. अंगानं भरलेली, हातात पाण्याचा तांब्या. ती आत आली, तांब्या पाटलीणबाईंच्या हातात दिला.

"आदी पानी प्या. मंग सांगा मॅडमला."

पाटलीणबाई घटाघटा प्यायल्या.

बाजूच्या टेबलावरून साहेबांनी मान वर केली. "काय केस आहे? कॉक्स?"

"न्हाई साहेब," गयाबाई म्हणाली. "माझा हाय. बरा व्हतो ह्यो!"