रेक्टरबाईंची दुसरी कॉट

"दोघी मैत्रिणी? मग खोलीत भांडणार कोणाशी?" चष्मा कपाळावर सरकवून रेक्टरबाई विचारायच्या आणि हातात हात घालून आलेल्या मुलींना वेगवेगळ्या मजल्यांवर धाडायच्या. मुली आठवडाभर रडत आणि मग विसरून जात.

मी वसतिगृहाच्या ऑफिसात क्लार्क. आमची दगडी इमारत जुनी. एके काळी इथे लहानपणीच विधवा झालेल्या मुली शिकायला राहत. आता चार्जरच्या प्लगवरून भांडणं होतात. नवरात्रातला भोंडला मात्र टिकलाय. त्यात बाईंचा बेसूर आवाज सगळ्यांच्या वर असायचा.

एका वर्षी बाईंनी परवीनला सांगलीच्या एका मुलीबरोबर खोली दिली. आठवड्याच्या आत त्या मुलीची आई हजर.

"आमच्याकडे हे चालत नाही हो."

"काय चालत नाही? पंखा?"

आईंनी संचालकांकडे तक्रार करायची धमकी दिली. बाई एकदम गप्प झाल्या. त्या गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हेत, म्हणून मला नवल वाटलं. पण परवीनला सोडायला आलेल्या वडिलांनी आमच्यासमोरच बजावलं होतं, पहिली तक्रार आली की शिक्षण बंद. भांडण बाईंनी जिंकलं असतं आणि मुलगी गमावली असती.

संध्याकाळी त्या परवीनला बॅगेसकट आपल्या क्वार्टरमध्ये घेऊन गेल्या. तिथे एक जादा कॉट होती, तिच्यावर वर्तमानपत्रांची रद्दी. रद्दी खाली उतरली, मुलगी वर चढली.

"तात्पुरतं आहे," बाई मला म्हणाल्या.

ईदला परवीनच्या घरून शीरखुर्मा आला, तेव्हा सगळा मजला बाईंच्या दारात. सांगलीची मुलगीही होती. वाटी चाटूनपुसून संपवल्यावर ती हळूच म्हणाली, "मॅडम, हिला परत माझ्या खोलीत पाठवा ना."

"मला काय विचारतेस? ती काय कपाट आहे? तिलाच विचार."

परवीन म्हणाली, "मी इथेच बरी आहे. मॅडम बीपीची गोळी विसरतात."

"मी काहीही विसरत नाही!" बाई कडाडल्या. त्या दिवशीची गोळी राहिलीच होती. मला फार बरं वाटलं, गोळीबद्दल नव्हे.

परवीन शिकली, बँकेत लागली. बाई निवृत्त होऊन स्वारगेटजवळच्या लहानशा फ्लॅटमध्ये गेल्या, तर ही सामान घेऊन त्यांच्या पाठोपाठ. मी भेटायला गेले की दोघी माझ्याकडे एकमेकींची गाऱ्हाणी घालत.

"ही घोरते," बाई सांगत.

"आणि ह्यांचा टीव्ही खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जातो," परवीन म्हणे.

गेल्या वर्षी बाई गेल्या. पुतण्या परदेशात, त्याला यायला वेळ लागणार होता. हॉस्पिटलच्या काउंटरवरच्या माणसानं परवीनला विचारलं, "तुम्ही त्यांच्या कोण?"

तिनं मुलगी म्हणून सांगितलं असतं, तरी मी मान डोलावली असती.

"रूममेट," परवीन म्हणाली आणि बाईंच्या चपला पिशवीत घालू लागली.