भंडारदऱ्याला निघाले, खाचरात उतरले

रजेच्या अर्जात मी 'पोटदुखी' लिहिलं. खरं दुखणं पोटाच्या बरंच वर होतं, पण त्यासाठी अर्जात रकाना नव्हता. संगमनेरच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये मी दिवसभर कानाला यंत्र लावून बसते. ट्रंक कॉल जोडून द्यायचा, घड्याळाकडे बघायचं आणि लोकांच्या सुखदुःखात मध्येच तोंड घालून 'तीन मिनिटं झाली' म्हणायचं, हे माझं काम.

आमची सहा वर्षांची मंदा शाळेतली काहीतरी हकिकत सांगत होती. भाकऱ्या थापता थापता मी तिलाही म्हणाले, "तीन मिनिटं झाली." सासूबाई हसल्या. मंदा नाही हसली. तिनं गोष्ट तिथेच सोडली, आणि पुढचे चार दिवस ती मला विचारल्यापुरतीच उत्तरं देत होती. मला धडकी भरली. यजमान म्हणाले, "एक दिवस कुठेतरी जाऊन ये. एकटीच जा." 'एकटी' ऐकून सासूबाईंनी चष्मा कपाळावर नेला.

सकाळच्या पहिल्या एस.टी.नं निघाले. बेत साधा होता: भंडारदऱ्याच्या धरणाजवळ बसायचं आणि कुणाचंही काही ऐकायचं नाही. अकोले येईपर्यंत शेजारणीच्या मांडीवरची कोंबडी माझा पदर टोचत होती. राजूरला लक्षात आलं की डबा घरी ओट्यावरच राहिला. राजूर सोडून थोडं पुढे गेलो तर रस्त्यावर दरड. कंडक्टर म्हणाला, "बाई, दोन तास तरी गाडी हालत न्हाई. पाय मोकळे करा."

रस्त्याच्या खाली खाचरं (बांध घातलेली भाताची शेतं) पायऱ्यापायऱ्यांनी ओढ्यापर्यंत उतरत गेली होती. पाऊस भुरभुरत होता. एका बांधावर दहाबारा बाया न्याहारीला बसल्या होत्या. त्यांतल्या एका म्हातारीनं डोक्यावरचं इरलं (पानांचं पावसाळी पांघरूण) सरकवून मला हाक मारली. ती ठकूबाई.

"भाकर खाती का गं, बाई?"

नागलीची भाकरी आणि खेकड्याचं झणझणीत कालवण. लाजत लाजत दोन भाकऱ्या संपवल्या, हात धुतले, आभार मानले आणि छत्री उघडली. ठकूबाईनं ती छत्री मिटून बाजूला ठेवली आणि माझ्या हातात रोपांची जुडी दिली.

"मावशी, मी भंडारदऱ्याला निघालेय."

"सावडीची भाकर खाल्ली न्हवं? मंग चल."

सावड म्हणजे आज सगळ्यांनी मिळून एकीची आवणी (भाताची लावणी) करायची, उद्या दुसरीची. मजुरी नाही, दिवसाला दिवस. आणि त्या बांधावरची न्याहारी खाल्ली, की ती बाई त्या दिवसाच्या कामात आली. मी मात्र पाहुणचार समजून चांगला ताव मारला होता. दहाबारा जणी माझ्याकडे बघत होत्या. निमूट साडी खोचली आणि गुडघाभर चिखलात उतरले.

मी लावलेली रोपं लगेच तरंगायला लागली. ठकूबाई ती न बोलता पुन्हा लावत होती. न बोलता म्हणजे रोपांबद्दल न बोलता. बाकी तिची म्हैस विकली कशी, ती दोन डोंगर ओलांडून आपली आपण घरी आली कशी, हे अर्धं खाचर संपेपर्यंत चाललं होतं. चिखलात पाय रुतलेला माणूस जाणार कुठे? मी ऐकत राहिले. सवयीनं मनगटाकडे तेवढं पाहत होते.

"सारखी काय बघती हाताकडं?" तिनं विचारलं.

मग मी तिला सगळं सांगितलं, माझं कामही आणि मंदाचंही.

"मंग फुडं काय झालं म्हून इचारलंस का तू तिला?"

"नाही."

"मंग कशी सांगल ती?"

एवढी साधी गोष्ट मला चार दिवसांत सुचली नव्हती. मला रडू आलं. हात चिखलाचे, त्यामुळे डोळेही पुसता येईनात. ठकूबाईनं आपल्या पदराचं कोरडं टोक शोधून माझं तोंड पुसलं आणि म्हशीची गोष्ट पुढे सुरू केली.

दोन तासांचे पाच झाले. दरड काही हटली नाही आणि गाडी तिथूनच माघारी फिरली. निघताना ठकूबाई म्हणाली, "तुजा एक दिस आमच्याकडं ऱ्हायला. काय काम निघालं त हाक मार."

"माझं काम फोन जोडायचं, मावशी."

"शिकीव. आमी जोडू."

दिवेलागणीला घरी पोचले. धरण कसं होतं, असं यजमानांनी विचारलं. मी चिखलानं भरलेली नखं दाखवली. सासूबाईंनी गरम पाणी काढलं. मंदा दाराआडून माझ्या पायांकडे बघत होती. मी उंबऱ्यावरच बसले.

"मंदा, त्या दिवशी शाळेत पुढं काय झालं?"

तिनं आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग जवळ आली आणि अगदी पहिल्यापासून सुरुवात केली. वर्गात बेडूक आला. तो बाईंच्या टेबलाखाली गेला. सगळी मुलं बाकांवर चढली आणि मंदानं त्याला पाटीवर घेऊन बाहेर सोडलं. बाईंनी तिच्यासाठी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या.

सवयीनं माझी नजर घड्याळाकडे गेलीच. सगळी गोष्ट चार मिनिटांत संपली होती. त्या दिवशी मी तिला फक्त एक मिनिट कमी दिलं होतं, आणि टाळ्या नेमक्या त्यातच होत्या.