उपासाआधीचा सोमवार

सानपाड्याच्या आमच्या सोसायटीत कुणी सुके बोंबील भाजले की वास जिन्यापर्यंत येतो, आणि मला खाडीकाठचं आमचं मातीचं घर आठवतं. मी दहा वर्षांची असेन. बाबा मिठागरावर कामाला होते, पण त्या वर्षी छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळले होते. आम्ही ख्रिस्ती; ते बरे व्हावेत म्हणून आईनं राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंतचे चाळीस दिवस सगळ्या घरानं नुसत्या भाजी-डाळीवर राहायचं ठरवलं. सोमवारीच तिनं मासळीच्या कालवणाची मडकी फोडली, तवा राखेनं तीनदा घासला आणि बोंबलांची अख्खी टोपली शेजारच्या कोळणीला देऊन टाकली. ती हसली, "काय गो बाय, घरान लगीन हाय का?" आई बोलली, "आमचा मानूस उठू दे, मग लगीन पन लावू." दुपारी आई वाल आणायला गेली, तेव्हा कित्येक दिवस काहीच न मागणारे बाबा मला म्हणाले, "पोरी, एक बोंबील भाजून दे ना." शेजारणीचं दार चार पावलांवर होतं. पण मी मोठ्या शहाणपणानं म्हटलं, "बाबा, आता ईस्टरलाच." ते जरासे हसले आणि भिंतीकडे वळले. मंगळवारी ते गेले. तरी आईनं पुढचे चाळीस दिवस मासळीला हात लावला नाही, आणि आता कुणासाठी, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. आज मी बाबांच्या तेव्हाच्या वयाच्या दुप्पट आहे. अहो, उपास तर बुधवारी लागणार होता ना!