दुसऱ्यांचा लॉकडाऊन आठवणारा माणूस

त्या वर्षी अमेरिकेतल्या आमच्या मॉरिसव्हिलच्या मराठी मंडळात तो दर कार्यक्रमाला भेटायचा. कोविडमध्ये धंदा बंद ठेवावा लागला तरी ज्यांनी पगार दिले, अशा छोट्या लोकांना सरकारकडून टॅक्स क्रेडिट, म्हणजे करातून पैसे परत, मिळवून देणं हा त्याचा व्यवसाय. जेवणाच्या रांगेत तो नेमका माझ्या मागे उभा राहायचा आणि सुतकी चेहरा करून म्हणायचा, "काकू, केवढं सोसलंत तुम्ही!"

माझं डेकेअर एक दिवसही बंद नव्हतं, हे मी त्याला दरवेळी सांगायचे.

"अहो, आठवून बघा ना. मुलांचं वाळूत खेळणं बंद केलं होतंत की नाही? मग झालं तर! पार्शल शटडाउन."

माझं दुःख माझ्यापेक्षा त्यालाच जास्त पाठ होतं. केटरिंगवाल्या मावशींना तर त्याने चक्क रडवलं, आणि डोळे पुसायच्या आत क्लेमच्या अर्जावर त्यांची सही घेतली. अर्ज भरणारा म्हणून स्वतःची सही मात्र तो कुठेच करत नसे.

एकदा श्रीखंड वाढून घेताना मी सहज विचारलं, "तुझ्या ऑफिससाठी क्लेम केलास का रे?"

तो दचकलाच. "छे छे, काकू! आमचं ऑफिस एक दिवसही बंद नव्हतं. उद्या ऑडिट आलं तर?"