आमदार मामा, जज मामा

माझा सख्खा मामा पाच वर्षं आमदार होता आणि नंतर आमच्या जिल्ह्याच्या ग्राहक न्यायालयाचा अध्यक्ष झाला. मुळात तो वकील. दुसऱ्या वेळी पक्षाने तिकीट कापलं तेव्हा तो वर्षभर कुणाच्या लग्नालाही गेला नाही. मग मुंबईत कुणीतरी शब्द टाकला आणि नेमणुकीचा कागद आला. आईने मला कुवेतला फोन करून सांगितलं, "मामा जज झाला रे!" मीही खूश झालो. इथल्या तेल कंपनीतली माझी पहिली नोकरी त्याच्याच चिठ्ठीवर लागलेली.

आमदार असताना तो एकदा इकडे आला होता. इथल्या फिंतास भागातल्या एका हॉलमध्ये आम्ही मराठी मंडळींनी त्याचा सत्कार केला. त्याच्याबरोबर आमच्याच तालुक्यातला एक एजंट होता, माणसं आखातात पाठवणारा. मामाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि माइकवर म्हणाला, "हा माझा माणूस. याने पाठवलेल्या कुणाला काही झालं, तर सरळ मला फोन करा." टाळ्या पडल्या. मीही जोरात वाजवल्या.

त्याच एजंटने पुढे आमच्या शेजारच्या गावातल्या एका वेल्डरला पाठवलं. गॅस प्लांटमध्ये वेल्डिंग, असं सांगून. उतरवलं अम्गराच्या भंगारवाड्यात, जुनी यंत्रं कापायला. चौथ्या महिन्यात प्रेसखाली त्याच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. त्याच्या आईने माझ्या आईला गाठलं, म्हणून मी हॉस्पिटलात गेलो. पट्टीतला हात उशीवर ठेवून तो म्हणाला, "दादा, अंगठा राहिलाय. अंगठ्याने काय धरणार?"

मी मामाला फोन केला. "बघतो," म्हणाला. इथे भरपाई मागायची मुदत संपेपर्यंत त्याने काही बघितलं नाही. कफीलने, म्हणजे त्याच्या इथल्या मालकाने, तिकीट काढून वेल्डरला घरी पाठवून दिलं.

मामा अध्यक्ष झाल्यावर एजंटवर तक्रार कर, असं मीच त्या वेल्डरला सांगितलं. माझे शब्द मला आजही ऐकू येतात, "आता तिथे आपला माणूस बसलाय." मी व्हिडिओवरून साक्ष दिली. सकाळी ऑफिसच्या पार्किंगमध्ये, गाडीचा एसी चालू ठेवून. पडद्यावर मामा चष्मा पुसत होता.

"करारावर सही कुणाची?" त्याने विचारलं.

"त्याचीच. पण करार अरबीत होता."

"विचारलं तेवढंच सांगा."

"मामा, हा एजंट तुझ्याबरोबर फिंतासला—"

"साक्षीदार, ते इथे अप्रस्तुत आहे."

तक्रार फेटाळली गेली. निकालात बोटांसाठी एकच ओळ होती: परदेशात कामाच्या ठिकाणी घडलेली दुर्दैवी घटना.

संध्याकाळी मी फोन लावला. "मामा, एजंट तुझा माणूस होता. तू ही केस ऐकायलाच नको होतीस."

"मी कायद्याने निकाल दिलाय. आणि तू तिथे कुणामुळे बसलायस, ते विसरू नकोस."

वेल्डरच्या वकिलाला अपील करायचं होतं. त्यासाठी मामा आणि एजंट एकाच स्टेजवर होते, एवढंच मी शपथपत्रावर लिहून द्यायचं होतं. मी ते टाइप केलं. भारतीय वकिलातीत सहीसाठी वेळ घेतली, अर्ध्या दिवसाची रजाही टाकली. निघणार तोच आईचा फोन आला. "तुझ्या बहिणीचं मामानेच जमवत आणलंय. तेवढी सही करू नकोस, बाळा." आई रडत नव्हती. रडली असती तर कदाचित मी चिडून सही करायला गेलो असतो.

मी गेलो नाही. वेल्डरला सांगितलं, "अपॉइंटमेंटच मिळाली नाही रे."

"बरं, दादा," तो म्हणाला. त्याला कळलं होतं. अपिलाची मुदत निघून गेली. बहिणीचं लग्न थाटात झालं. एजंटही जेवायला होता.

गेल्या वर्षी गाडीचा आवाज येत होता, म्हणून मुलीला घेऊन शुवैखच्या एका गॅरेजात गेलो. काउंटरवर तोच वेल्डर बसला होता, डाव्या हाताने गाड्यांचे नंबर लिहीत. बोटं गेल्यावरही त्याला परत इथेच यावं लागलं होतं. मला ओळखून तो उठला, खुर्ची दिली आणि मेकॅनिकला हाक मारली, "पहले इनकी गाडी लो. हमारे जजसाहब के भांजे हैं." आवाजात टोमणा नव्हता. मी शोधला, सापडला नाही.

"हू इज ही, बाबा?" मुलीने विचारलं.

"गावाकडचा आहे," मी म्हणालो आणि मोबाइलमध्ये डोकं घातलं.